आवाज विकणे आहे

अंगात जाड लोकरी कोट घाला, कानटोपीही घ्या. साल १८७७, डिसेंबरचा पहिला आठवडा, आणि तुम्ही न्यू जर्सीतल्या मेन्लो पार्क नावाच्या थांब्यावर आगगाडीतून उतरला आहात. गाव कसलं, रुळांच्या कडेला थोडीशी घरं आणि चढावर एक लांबट दुमजली लाकडी इमारत. अंधारात ती तालुक्याच्या शाळेसारखी दिसते, पण शाळेत एवढ्या रात्री दिवे नसतात. जिना चढून वर जा. कोणी अडवणार नाही.

वर भिंतीभर फळ्या, फळ्यांवर रसायनांच्या बाटल्या, मेजांवर तारा आणि बॅटऱ्या. मधल्या मेजाशी तंबाखू चघळत उभा आहे तो तीस वर्षांचा माणूस म्हणजे थॉमस एडिसन. त्याच्याशी मोठ्यानं बोला; लहानपणापासून त्याला कमी ऐकू येतं. शेजारी जॉन क्रूसी, मूळचा स्वित्झर्लंडचा मिस्त्री. एडिसननं कागदावर रेघोट्या ओढून द्याव्यात आणि क्रूसीनं त्या पितळेत उतरवाव्यात, असा इथला रिवाज. आज क्रूसीनं आणलेलं यंत्र दिसायला अगदी साधं आहे. आडवं पितळी नळकांडं, त्यावर मळसूत्रासारखी फिरत गेलेली खाच, फिरवायला हाताची दांडी, आणि दोन्ही अंगांना एकेक पातळ पडदा. प्रत्येक पडद्याच्या पाठीला एक बोथट सुई.

एडिसन नळकांड्याभोवती कथलाचा वर्ख गुंडाळतो. तोंड पडद्याजवळ नेऊन दांडी फिरवत तो मोठ्यानं एक बडबडगीत म्हणतो, मेरी नावाच्या मुलीचं आणि तिच्या कोकराचं. थांबतो. नळकांडं मूळ जागी आणतो, दुसऱ्या बाजूची सुई वर्खाला टेकवतो आणि पुन्हा दांडी फिरवतो.

यंत्र तेच गीत म्हणतं. आवाज चिरका आहे, डब्यातून आल्यासारखा, पण एडिसनचाच.

खोलीतल्या माणसांचे चेहरे नीट बघून घ्या, कारण तुम्ही ज्या काळातून आलात तिथे असे चेहरे आता मिळणार नाहीत. माणूस बोलायला लागला तेव्हापासून या क्षणापर्यंत निघालेला आवाज विरून जायचा. हाक मारली की संपली. गायकाचा षड्ज ऐकला त्याचा, न ऐकला त्याचा कधीच नाही. शिवाजी महाराजांचा आवाज कसा होता, तुकोबा अभंग कोणत्या चालीवर म्हणत, हे आपल्याला कधीही कळणार नाही, कारण ते या रात्रीच्या आधी होऊन गेले. आज रात्री पहिल्यांदा एक आवाज गेल्यावर परत आला आहे.

गंमत वाटेल, पण एडिसन हे शोधायला बसलाच नव्हता. तो मूळचा तारमास्तर. तारेचा संदेश कागदावर खड्ड्यांच्या रूपात उमटवून पुढच्या तारेवर आपोआप सोडावा, अशा यंत्राची त्याची खटपट चालली होती. टेलिफोन नुकताच आला होता आणि तो महाग राहणार, घरोघरी परवडणार नाही, असा हिशेब होता. मग बोललेला निरोप कचेरीत उमटवून ठेवता आला तर बरं, या विचारातून गाडी इथवर आली. म्हणून एडिसनच्या डोक्यात हे यंत्र पहिल्या दिवसापासून कचेरीचं आहे. गाणं त्याच्या मनात मागच्या रांगेत आहे.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो ते बगलेत मारून न्यू यॉर्कला जातो. तुम्हीही जा. ‘सायंटिफिक अमेरिकन’च्या कचेरीत संपादकांच्या मेजावर तो यंत्र ठेवतो, दांडी फिरवतो, आणि यंत्र जमलेल्या मंडळींची ख्यालीखुशाली विचारतं, आपल्याबद्दल त्यांचं मत विचारतं आणि शुभरात्री म्हणून निरोप घेतं. बघता बघता एवढी गर्दी होते की जमीन खचेल अशी भीती वाटावी. तुम्ही मागे भिंतीशी उभे राहा आणि लोक काय बोलतात ते ऐका. पहिली पाच मिनिटं आश्चर्य. सहाव्या मिनिटाला कोणीतरी विचारतोच, याचं करायचं काय?

हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, आणि याच्यासाठीच तुम्हाला इतक्या लांब आणलं आहे. नवं यंत्र हातात आलं की त्याच्यावर कोणता धंदा उभा राहील याचे अंदाज बांधण्यात आपलं सगळं युग गुंतलं आहे. बोलणारे स्पीकर, डोळ्यांवरचे संगणकी चष्मे, माणसासारखं लिहिणारी यंत्रं, प्रत्येकाबरोबर भाकितांची यादी येते. तशा याद्यांमधली सर्वांत प्रामाणिक यादी मला एडिसनची वाटते. ती शोध लावणाऱ्यानं स्वतः लिहिली, लगेच लिहिली, आणि तिचा निकाल बघायला आपल्या हाती आता जवळजवळ दीडशे वर्षं आहेत.

चला तर, जून १८७८. ‘नॉर्थ अमेरिकन रिव्ह्यू’चा अंक उघडा. फोनोग्राफ आणि त्याचं भविष्य, असा एडिसनचा लेख आहे. त्यात दहा उपयोग. पहिला, पत्रलेखन आणि सगळ्या प्रकारचा मजकूर सांगणं, लघुलेखकाच्या मदतीवाचून. मुख्य उपयोग हाच, असं तो स्वच्छ म्हणतो. दुसरा, अंधांसाठी बोलणारी पुस्तकं. तिसरा, वक्तृत्वाचं शिक्षण. चौथ्या नंबरावर संगीत. पाचवा, कुटुंबाची नोंद: घरातल्या माणसांचे बोल, आठवणी, मरणाऱ्याचे शेवटचे शब्द, त्यांच्या त्यांच्या आवाजात. सहावा, खेळणी. सातवा, वेळ बोलून सांगणारं घड्याळ, जेवायची वेळ झाली, घरी जायची वेळ झाली. आठवा, भाषांचे उच्चार हुबेहूब जपून ठेवणं. नववा, शिक्षकानं समजावलेलं विद्यार्थ्याला पुन्हा ऐकता येणं. दहावा, टेलिफोनला जोडून संभाषणाची कायमची नोंद.

पुन्हा एकदा वाचा. यातलं एकही खोटं ठरलेलं नाही. तुमच्या खिशातला फोन ही दहाच्या दहा कामं करतो. माणूस आंधळेपणानं बोलत नव्हता. त्याला सगळं दिसत होतं. चुकला तो क्रमात. आणि धंद्यात क्रम म्हणजेच सगळं, कारण पैसा, माणसं आणि वर्षं पहिल्या क्रमांकावर खर्ची पडतात.

त्याच वर्षी अमेरिकेतल्या एखाद्या गावातल्या सभागृहात तिकीट काढून बसा. फोनोग्राफचे जाहीर प्रयोग चालू आहेत. प्रयोग करणारा यंत्रात खोकतो, भुंकतो, कोंबड्यासारखा आरवतो, आणि यंत्र ते सगळं परत करतं. लोक पोट धरून हसतात. वर्ख दोन-चारदा वाजवला की सुईखाली फाटतो, मग त्याचे तुकडे आठवण म्हणून वाटले जातात. तुम्हीही एक घ्या. त्या तुकड्यावर कोणाचा तरी आवाज आहे आणि तो आता कशानंही ऐकू येणार नाही. वर्षभरात कौतुक ओसरतं. ज्याचा आवाज मिनिटभर टिकतो आणि चार वेळा वाजवून संपतो, त्याच्यावर कोण कचेरी चालवणार? एडिसन विजेच्या दिव्याच्या मागे लागतो आणि फोनोग्राफ दहा वर्षं कोपऱ्यात पडतो.

ती दहा वर्षं आपण ओलांडू. मधल्या काळात टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलच्या प्रयोगशाळेत वर्खाऐवजी मेणावर आवाज कोरायची युक्ती निघाली, ते बघून एडिसन जागा झाला आणि त्यानंही मेणाची नळकांडी आणली. १८८८ मध्ये जेसी लिपिन्कॉट नावाच्या, काचेच्या पेल्यांच्या धंद्यातून गबर झालेल्या गृहस्थानं दोन्ही यंत्रांचे हक्क मिळवून कंपनी काढली. यंत्र विकायचं नाही, कचेऱ्यांना वर्षाला चाळीस डॉलर भाड्यानं द्यायचं. एडिसनच्या यादीतला उपयोग क्रमांक एक, त्यावर सगळी पुंजी.

तुम्ही आता अशाच एका कचेरीत आहात. साहेब नळीत तोंड घालून पत्र सांगतात. त्यांना ते अवघड जातं, कारण समोर माणूस नाही. ‘तेवढं वाक्य खोड’ म्हणायला कोणी नाही. पलीकडे लघुलेखक कानाला नळ्या लावून ते ऐकतो आणि उतरवून काढतो. अर्धी वाक्यं कळत नाहीत. बॅटरी उतरते, मेण उन्हाळ्यात मऊ पडतं. शिवाय या लघुलेखकाचं तोंड बघा. ज्याची नोकरी घालवायला यंत्र आणलं, त्याच्याच हाती ते चालवायला दिलं आहे. त्यानं ते नीट चालवावं अशी अपेक्षा कोणी आणि कशी केली, मला समजत नाही. भाड्याची यंत्रं एकेक करून परत येऊ लागतात.

पण २३ नोव्हेंबर १८८९ या दिवशी तुम्हाला मी सान फ्रान्सिस्कोला नेणार आहे. पॅले रॉयाल नावाचं मद्यालय. संध्याकाळ, गर्दी, लाकडी भुसा टाकलेली जमीन, बंदरावरचे खलाशी आणि कारकून एकाच फळीला टेकून उभे. कोपऱ्यात एक लाकडी पेटी, तिला ऐकायच्या चार नळ्या, प्रत्येक नळीला नाणं टाकायची स्वतंत्र फट. इथल्या स्थानिक फोनोग्राफ कंपनीचा लुई ग्लास यानं ती मांडली आहे. कचेऱ्यांतून यंत्र खपेना, तेव्हा त्यानं हा उपाय काढला.

पाच सेंटचं नाणं टाका. नळी कानाशी धरा.

आधी खरखर. मग खूप लांबून, जणू विहिरीच्या तळातून, बँड वाजू लागतो. तुमच्या शेजारचा माणूस, दुसरी नळी कानाशी धरलेला, डोळे मिटून हसतो आहे. भोवताली मद्यालयाचा कल्ला तसाच चालू आहे, पण त्या दोन मिनिटांसाठी तुम्ही दोघंच कुठेतरी दुसरीकडे आहात. गाणं संपतं. त्याचा हात पुन्हा खिशात जातो.

त्या दुसऱ्या नाण्याकडे बघा. आवाजाच्या साऱ्या व्यवसायाचा जन्म त्या खिशात गेलेल्या हातात आहे. पहिलं नाणं नवलाईचं असतं, ते कशालाही मिळतं. दुसरं नाणं माणूस तेव्हाच काढतो जेव्हा त्याला ती वस्तू हवी असते. सहा महिन्यांत या एका पेटीनं हजार डॉलरांहून जास्त कमाई केली, ती कचेरीच्या पंचवीस यंत्रांच्या वर्षभराच्या भाड्याइतकी होते.

एडिसनला हे आवडलं नाही. मद्यालयातल्या करमणुकीनं आपल्या गंभीर यंत्राचं खेळणं होईल, अशी त्याला धास्ती. मला त्याचा राग येत नाही. ज्यानं वस्तू घडवली त्याला तिचं मोठेपण एका ठरावीक जागी दिसत असतं, आणि लोकांना ते दुसरीकडेच सापडतं. लोकांना मोठेपण सापडलं ते गाण्यात. लिपिन्कॉट पुढच्याच वर्षी आजारी पडला, कंपनी डबघाईला आली, आणि ज्या स्थानिक कंपन्या तगल्या त्या नाणी मोजून तगल्या.

खेळण्यावरून आठवलं. १८९० मध्ये एडिसनच्याच कारखान्यात डोकवा. पोटात छोटा फोनोग्राफ असलेल्या बाहुल्या बनताहेत, यादीतला सहावा उपयोग. एका आवाजाच्या शंभर प्रती काढायची सोय इथे अजून नाही, म्हणून तरुण मुली ओळीनं बसून प्रत्येक बाहुलीसाठी स्वतंत्रपणे बडबडगीतं ओरडताहेत. दिवसभर. अनेक आवाज एकमेकांत मिसळून त्या दालनात जो कोलाहल उठतो तो फार वेळ सोसवत नाही. दुकानात गेलेल्या बाहुल्या काही आठवड्यांत परत आल्या. मेण झिजायचं, दांडी हातानं एकसारखी फिरत नसे, आणि तो चिरका आवाज ऐकून मुलं भ्यायची. मला त्या ओरडणाऱ्या मुलींची आठवण मात्र सुटत नाही. ध्वनिमुद्रणाच्या पहिल्या मजुरांत त्यांची गणना व्हायला हवी, आणि त्यांची नावं कोणी लिहून ठेवली नाहीत.

प्रती काढण्याचं कोडं सोडवलं एमिल बर्लिनरनं. नळकांड्याऐवजी सपाट तबकडी. एक साचा केला की हव्या तेवढ्या तबकड्या दाबून काढा. १६ मे १८८८ रोजी फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये त्यानं आपला ग्रामोफोन दाखवला आणि सांगितलं, की गायकांना आपल्या मुद्रित आवाजाच्या विक्रीवर मानधनाचा वाटा मिळू शकेल. एडिसननं ऐकू येणारं पत्र पाहिलं, बर्लिनरनं गाणाऱ्याचं उत्पन्न पाहिलं. इतकं नेमकं भाकीत त्या काळात दुसरं कोणी केल्याचं मला माहीत नाही.

आता कोट काढून ठेवा. ११ नोव्हेंबर १९०२, कलकत्ता. हॉटेलच्या एका मोठ्या खोलीत फ्रेड गाइसबर्ग नावाचा अमेरिकन तंत्रज्ञ लंडनहून आणलेली मेणाची जाड वर्तुळं हलकेच गरम करतो आहे. तो ज्या कंपनीकडून आला तिचं नाव आहे ‘ग्रामोफोन अँड टाइपरायटर लिमिटेड’. हो, टाइपरायटर. तबकड्यांचा धंदा चालेल की नाही याचा लंडनच्या मालकांनाही पुरता भरवसा नव्हता, म्हणून त्यांनी जोडीला टंकलेखन यंत्रं घेतली होती.

दारात हालचाल होते. गायिका गौहरजान येते, बरोबर साजिंदे आणि लवाजमा. अंगावर दागिने, आणि तेच दागिने पुन्हा कधी दिसले नाहीत, असं गाइसबर्गनं पुढे लिहून ठेवलं. भिंतीतून एक मोठा कर्णा बाहेर आला आहे. मायक्रोफोन नाही, वीज नाही. गळ्यातून निघालेल्या हवेच्या धक्क्यानंच पलीकडची सुई हलणार. तिला कर्ण्याच्या तोंडाशी उभं करतात. ती मान फिरवू शकत नाही, समेवर हात टाकू शकत नाही, समोर दाद देणारं कोणी नाही. आणि वेळ जेमतेम तीन मिनिटं. ज्या बंदिशीला मैफलीत तास लागतो तिची आलापी कुठे घ्यायची, तान कुठे, सम कुठे, हा हिशेब तिनं उभ्या उभ्या मांडला आहे. हिंदुस्थानी गायकीला तीन मिनिटांत बसवणं ही केवढी अवघड कारागिरी, हे ती गाते तेव्हा तुमच्या लक्षात येईल.

शेवटचा स्वर संपतो आणि ती इंग्रजीत स्वतःचं नाव मोठ्यानं सांगते. याला कारण आहे. हे मेण बोटीनं जर्मनीत हॅनोव्हरच्या कारखान्यात जाणार. तिथल्या कामगारांना या भाषा कळत नाहीत. कोणतं गाणं कोणाचं हे त्यांनी ओळखायचं कसं? म्हणून गाणाऱ्यानं आपणच आपलं नाव सांगायचं. त्या काळच्या अनेक तबकड्यांवर अशी नावं आहेत. आज ती ऐकताना अंगावर काटा येतो, कारण गाण्यातली गौहरजान कलावंत असते आणि नाव सांगताना ती समोर उभी असलेली बाई होते.

तबकडी हातात घेऊन जरा जोखून बघा. ती घडते ती लाखेची. छोटा नागपूरच्या जंगलांत पळसावर आणि कुसुमावर लाखेचे किडे जो राळेचा थर चढवतात, तो आदिवासी खरवडून आणतात, बाजारात विकतात, तो बोटीनं युरोपला जातो आणि इटालियन गायक कारुसोचं, गौहरजानचं गाणं होऊन परत येतो. १९०८ मध्ये कलकत्त्यालाच तबकड्यांचा कारखाना निघाला. मेन्लो पार्कच्या त्या रात्री यातलं कोणालाच सुचलं नसतं.

यानंतर तुम्ही सांगलीत या, १९३५ च्या सुमाराला. संध्याकाळची वेळ, माजघराला लागून असलेल्या सोप्यात पेटी उघडली आहे. घरातला थोरला मुलगा किल्ली भरतो, डबीतून नवी सुई काढून बसवतो. बालगंधर्व गाऊ लागतात. दाराआड स्वयंपाकघरातल्या बायका हात थांबवून उभ्या आहेत. यांतल्या कित्येकींनी नाटकगृहाचा उंबरा कधी ओलांडलेला नाही. पुढच्या तबकडीवर मिरजेचे अब्दुल करीम खाँ आहेत, झिंझोटीतली ठुमरी. हा आवाज जिथे पैसे देऊनही या बायकांना बसता आलं नसतं, तिथून उठून त्यांच्या उंबऱ्याशी आला आहे. चौथ्या क्रमांकाच्या उपयोगानं हे केलं. बाजारानं निवड केली ती योग्यच केली, असं मी या दाराशी उभं राहून म्हणेन.

पण बाजार निवडतो तेव्हा काही सोडूनही देतो. भास्करबुवा बखले १९२२ मध्ये गेले. त्यांच्या गळ्याचा एक स्वरही तबकडीवर नाही. अल्लादियाखाँसाहेबांनी तबकडी दिली नाही. त्यांच्या गाण्याबद्दल आपण जे काही बोलतो ते शिष्यांच्या गळ्यावरून आणि ऐकणाऱ्यांच्या आठवणींवरून.

आता तबकडीच्या मधल्या कागदाकडे वाका. कर्ण्यासमोर कान टवकारून बसलेला कुत्रा. आपल्याकडे ‘कुत्रा छाप रेकॉर्ड’ म्हणूनच ती मागत. हे चित्र लंडनच्या फ्रान्सिस बॅरॉड यानं काढलं. कुत्र्याचं नाव निपर, आणि तो होता चित्रकाराच्या दिवंगत भावाचा. मूळ चित्रात एडिसनच्या धर्तीचं नळकांड्याचं यंत्र होतं. १८९९ मध्ये ग्रामोफोन कंपनीनं चित्र घेतलं ते यंत्र पुसून त्यावर आपला ग्रामोफोन रंगवण्याच्या अटीवर. चित्राचं नाव ‘हिज मास्टर्स व्हॉइस’. धन्याचा आवाज. गेलेल्या धन्याचा आवाज ओळखून थबकलेलं जनावर, असाच अर्थ लोकांनी त्यातून घेतला.

एडिसनची यादी पुन्हा काढा. पाचवा उपयोग: घरातल्या माणसाचा आवाज, तो गेल्यावरही. कोट्यवधी तबकड्यांवर चित्र छापलं गेलं ते या पाचव्या उपयोगाचं, आणि आत विकलं गेलं चौथ्या उपयोगाचं गाणं. माणसाच्या मनात त्या यंत्राबद्दल सगळ्यांत खोल काय होतं ते कंपनीला चित्रापुरतं कळलं, पण त्याचं दुकान तिनं काढलं नाही. ते शक्यही नव्हतं. बालगंधर्वांच्या आवाजाला हजारो गिऱ्हाईकं, तुमच्या आजीच्या आवाजाला एक घर.

इतर उपयोग आपापल्या वेळी आले. अंधांसाठी बोलणारी पुस्तकं अमेरिकेत १९३० च्या दशकात सरकारी पैशानं सुरू झाली. बोलणारं घड्याळ आलं, निरोप टिपणारा टेलिफोन आला. पहिला उपयोग, सांगितलेलं पत्र आपोआप लिहिलं जाणं, तो तर आत्ता आत्ता मराठीत नीट जमू लागला आहे. मी त्यांच्यावर थांबत नाही, कारण मला तुम्हाला एका शेवटच्या ठिकाणी न्यायचं आहे.

पुणे जिल्हा, मुळशीच्या डोंगराकडचं एक गाव, १९९० चं दशक. गावात पिठाची गिरणी आल्याला बरीच वर्षं झाली. जातं कोपऱ्यात आहे, दळायला कोणी बसत नाही, त्यामुळे ओवीही कोणी म्हणत नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी कित्येक वर्षं जात्यावरच्या बायकांच्या ओव्या लिहून घेतल्या आहेत. सगळ्या महाराष्ट्रातून मिळून त्या लाखाच्या वर जातील. आता बर्नार बेल ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन आले आहेत. मायक्रोफोन जात्याजवळ ठेवला आहे. म्हातारी खुंट्याला हात घालते, समोर तिची सून किंवा शेजारीण. घरघर सुरू होते, आणि त्या घरघरीवर आवाज चढतो. माहेराचं, मुलाचं, सीतेच्या वनवासाचं, नवऱ्याच्या माराचं. तुम्ही दाराशी बसा आणि गप्प राहा. हा आवाज घ्यायला कोणतीही कंपनी आली नव्हती. यादीतला आठवा उपयोग आणि पाचवा, दोन्ही इथे एका जात्यापाशी पुरे होताहेत, ते दोन-चार माणसांना कळकळ होती म्हणून. त्या ओव्या आज ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात कोणालाही फुकट ऐकता येतात.

परत घरी या. आज गेलेल्या माणसाचा आवाज यंत्राकडून पुन्हा बोलवून देणाऱ्या सेवा बाजारात आल्या आहेत. पाचव्या उपयोगाचं दुकान अखेर उघडलं आहे, आणि ते कितपत चालेल यावर जगभर अंदाज बांधले जाताहेत. त्यांत मी भर घालत नाही. एवढंच दिसतं, की त्या दुकानालाही आधी खऱ्या माणसाचा खरा आवाज लागतो, आणि तो तुमच्या घरातून कोणी उचलून नेणार नाही. तो तुम्हीच घ्यायचा आहे. तुमच्या वडिलांच्या आवाजातले निरोप जुन्या फोनमध्ये होते. फोन बदलला तेव्हा ते गेले, हे बहुतेक घरांत झालं आहे.

तेव्हा एक करा. आज जेवणं झाली की आजीजवळ, आईजवळ, मोठ्या काकांजवळ बसा. पंखा बंद करा, त्याची घरघर सगळं खाऊन टाकते. फोन उशीवर, त्यांच्या तोंडापासून हातभर अंतरावर ठेवा. लग्नाची गोष्ट विचारा, शाळेतली विचारा, दुष्काळातली विचारा, येत असेल तर ओवी म्हणायला सांगा. मध्ये बोलू नका. संपल्यावर ती नोंद दोन ठिकाणी उतरवून ठेवा. आणि बंद करण्याआधी त्यांना स्वतःचं नाव, गाव आणि आजची तारीख त्यांच्याच तोंडून सांगायला लावा.